अर्धी बेरीज

एक आकडा घेऊ. एक. त्याच्यापुढे नुसती शून्यं. प्रत्येक घरात तिथवरची बेरीज मांडत गेलो, की मिळतं एक, एक, एक, एक. त्याचीच पुन्हा बेरीज: एक, दोन, तीन, चार. अजून एकदा: एक, तीन, सहा, दहा.

बेरजेवर बेरीज रचणं आपल्याकडे जुनंच. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'चितिघन', म्हणजे बेरजांची बेरीज, सांगितलं. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त कितीही वेळा केलेल्या बेरजेचं सूत्र दिलं. नाव वारसंकलित. वार म्हणजे किती वेळा ते.

त्यांचा वार पूर्णांक होता. पण सूत्राला त्याचं काय सोयरसुतक? वार अर्धा घातला तरी उत्तर येतंच: एक, एक छेद दोन, तीन छेद आठ, पाच छेद सोळा.

ही अर्धी बेरीज. बेरजेची निम्मी किंमत नव्हे. फसायला होतं ते इथेच. दोनदा केली की पूर्ण होते, म्हणून अर्धी. दुसऱ्यांदा करताना त्या घरातला आकडा पूर्ण घ्यायचा, आधीच्या घरातल्याचा अर्धा, त्याआधीच्याचा तीन अष्टमांश. तिसरं घर तपासू. तीन अष्टमांश, अधिक अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, अधिक पुन्हा तीन अष्टमांश. बरोबर एक.

वजाबाकीचंही तसंच. साधा फरक आजच्यातून कालचा आकडा वजा करतो, परवाशी त्याला देणंघेणं नाही. अर्धा फरक मात्र कालच्याचा अर्धा भाग वजा करतो, परवाच्याचा आठवा, तेरवाच्याचा सोळावा... थेट पहिल्या दिवसापर्यंत.

आता नाईलकाठी. ब्रिटिश जलतज्ज्ञ हॅरल्ड हर्स्ट १९०६ मध्ये इजिप्तला गेले. पाणी साठवायला धरण केवढं हवं, हा त्यांचा प्रश्न. जुन्या नोंदींत त्यांना दिसलं, की कोरडी वर्षं घोळक्याने येतात आणि भरल्या पाण्याचीही. १९५१ मध्ये त्यांनी हे मांडलं. अशा आकड्यांचा साधा फरक घेतला तर ही घोळक्याची ओढ गरजेपेक्षा जास्त पुसली जाते. घेतलाच नाही तर ती तशीच उरते. मधली वाट, अपूर्णांकी फरक, १९८० मध्ये ग्रेंजर आणि जॉय्यू यांनी आणि १९८१ मध्ये हॉस्किंग यांनी दाखवली.

कैरोच्या रोडा बेटावरच्या नाईलमापकाची ६२२ ते १२८४ या वर्षांची किमान पातळी घेतली, तर योग्य फरकाचा वार येतो साधारण ०.४. म्हणजे गेल्या वर्षीच्या पातळीचा ०.४ भाग वजा, त्याआधीच्या वर्षीचा ०.१२, त्याआधीचा ०.०६४. आणि शंभर वर्षांपूर्वीचा? सुमारे ०.०००४. शून्य नाही.