आडनावही चुकलं, निकालही चुकला

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं मायनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचं गाव. १९३५ च्या नोव्हेंबरात तिथल्या शाळेत बारा वर्षांच्या लिलियनने आणि तिच्या दहा वर्षांच्या भावाने, बिलीने, झेंड्याला वंदन करणं थांबवलं. घरची मंडळी ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. देव सोडून कशालाही वंदन नाही, ही त्यांची श्रद्धा. बिलीने शाळेच्या मंडळाला स्वतः चिठ्ठी लिहिली. माझं देशावर प्रेम आहे, देवावर जास्त आहे, आणि त्याची आज्ञा मला पाळलीच पाहिजे, असा तिचा आशय. दोघांनाही शाळेतून काढलं.

तेव्हाचं वंदन कसं होतं, तेही ऐका. उजवा हात समोर ताठ करायचा! हिटलरच्या सलामीशी त्याचं साम्य इतकं, की १९४२ च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने ते बदलून हात छातीवर आणला.

खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. निकाल ३ जून १९४० चा. तिकडे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून, जर्मनांनी कोंडलेल्या ब्रिटिश आणि मित्रसैनिकांना बोटींत भरून परत आणणं चाललं होतं. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं की राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्रीय सुरक्षेचा पाया. आठ विरुद्ध एक मताने निकाल शाळेच्या बाजूने लागला. विरोधात एकटे हार्लन स्टोन. त्यानंतर गावोगावी या पंथाच्या लोकांवर जमाव धावून गेले. मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये तर आठवडाभरातच त्यांचं प्रार्थनागृह पेटवलं गेलं.

तीनच वर्षांत न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, तोही ऐन महायुद्धात. मला याचंच जास्त अप्रूप वाटतं. खटला वेस्ट व्हर्जिनियातला, बार्नेट नावाचा. तारीख १४ जून १९४३, म्हणजे नेमका अमेरिकेचा ध्वजदिन. सहा विरुद्ध तीन. ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तिघा न्यायमूर्तींनी आधीचं मत सोडलं होतं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी म्हटलं, की सक्तीने सगळ्यांना एका मताचं करायला गेलं तर हाती येतं ते स्मशानातलं एकमत. फ्रँकफर्टर स्वतः व्हिएन्नाहून आलेले ज्यू, म्हणजे छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांतलेच. तरी ते शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले.

गंमत अशी, की दोन्ही खटल्यांत कुटुंबांची आडनावं कागदोपत्री चुकली. लिलियन-बिलीच्या घरचं गोबिटास हे गोबिटिस झालं, बार्नेटच्या स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जास्तीचं चिकटलं. तीच पुढे रूढ झाली.

पण याच न्यायालयाने पुढच्याच आठवड्यात, २१ जूनला, जपानी वंशाच्या नागरिकांवरची संचारबंदी एकमताने उचलून धरली. सक्तीचं वंदन नको म्हणणारे जॅक्सनही त्यात होते. दीड वर्षाने, जपानी वंशाच्याच फ्रेड कोरेमात्सूच्या खटल्यात, घरदार सोडून निघून जाण्याचा हुकूमही बहुमताने वैध ठरला. तिथे मात्र जॅक्सन विरोधात गेले. वंश पाहून भेदभाव करायचं तत्त्व मान्य करणं म्हणजे भरून ठेवलेली बंदूक, असं त्यांनी बजावलं.

आणि आपल्याकडे? १९८५ मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात या दोन्ही अमेरिकी खटल्यांचा ऊहापोह आहे. आडनावं अर्थातच तीच, चुकलेली.

नमस्कार.