सर्व्हर रूमला घाम फुटतो तेव्हा

[दृश्य : रत्नागिरी, जुलै. कौलांवरून पागोळ्या गळताहेत. एका छोट्या हॉस्पिटलाच्या जिन्याखाली बंद दार.]

निवेदन :
आठवडा झाला, पावसाने उघडीप दिलेली नाही. बाहेर २८ अंश तापमान, हवेत ९० टक्के आर्द्रता. दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच आहेत. या दाराआड हॉस्पिटलचे दोन सर्व्हर रात्रंदिवस चालतात. पेशंटचे केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं यांच्यावर.

भिंतीवरचा एसी १६ वर लावलाय. सर्व्हर म्हटलं की खोली गारठलेलीच हवी, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे.

[दृश्य : वीज जाते. एसी थांबतो, यूपीएसचा बीप.]

सर्व्हर यूपीएसवर चालूच राहिले, एसी मात्र बंद. एवढीशी खोली काही मिनिटांतच तापू लागते. मग कुणीतरी काळजीपोटी दार उघडतं.

[दृश्य : रॅकचा, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या कपाटाचा पत्रा, अगदी जवळून. बारीक थेंब.]

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसंच हे. बाहेरच्या या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास आहे. त्याहून गार असलेल्या कशालाही ती लागली की पाणी धरणारच. चालू सर्व्हर आतून गरम असतो, त्याला धोका कमी. पण रॅकचा पत्रा, बंद ठेवलेलं जादा मशिन, केबलची टोकं गार असतात. खोली जितकी जास्त गारठवलेली, तितकं पाणी जास्त. त्यात समुद्राकाठची खारी हवा. असा ओलावा रोज मिळाला, तर गंज धरायला वेळ लागत नाही.

मग हवं तरी किती?

अमेरिकेतल्या ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली २० ते २५ अंश सांगितले होते. २००८ मध्ये तिनेच ही मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत सैल केली. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर नको, आणि दवबिंदूही १५ अंशांच्या वर नको, असंही तेव्हा सांगितलं. दोन्ही अटी एकदम पाळायच्या.

मात्र हे आकडे एसीच्या रिमोटवर वाचायचे नाहीत. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. पुढच्या जाळीतून आत जाणाऱ्या हवेचे हे आकडे आहेत. रॅकमधले रिकामे खण उघडे असतील, तर मागची गरम हवा वळून पुढे येते आणि वरच्या सर्व्हरला तीच मिळते. साध्या पत्र्याच्या झाकणांनी हे थांबतं.

२७ अंशांना सर्व्हर घाबरत नाही. घाबरते ती यूपीएसची बॅटरी. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला २५ अंश मानवतात. त्यावर सतत १० अंश चढले, तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

[दृश्य : नागपूर, मे. सुकलेला रस्ता.]

विदर्भात उन्हाळ्यात नेमकं उलटं. हवा इतकी कोरडी, की अंगावर स्थिर वीज साठते. बोटाला झटका जाणवायला ३,००० व्होल्टच्या आसपास लागतात. चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टलाही जायबंदी होऊ शकते, आणि हात लावणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मशिन उघडण्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचाच.

[दृश्य : पुन्हा रत्नागिरी.]

एसी आता २३ वर आहे. त्याला जनरेटरची लाइन दिली आहे. तीही बंद पडली, तर दार उघडायचं नाही. सर्व्हर रीतसर बंद करायचे, असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. दाराच्या फटीला रबरी पट्टी लावली. कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं छोटं मशिन आलं, कारण एसी थांबून थांबून चालला की ओल पुन्हा चढते.

वरच्या सर्व्हरच्या जाळीसमोर एक साधा मीटर टांगलाय. २४ अंश, ५५ टक्के. दवबिंदू १५ च्या जेमतेम खाली.

बाहेर पुन्हा सर आली आहे. रॅकचा पत्रा कोरडा आहे.