पुस्तक मिटल्यावर होणारा अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत शिकवणीचे वर्ग संध्याकाळी सुटतात, तेव्हा आपली मुले अभ्यासाला वेळ कमी देतात असे कोणीही म्हणणार नाही. त्या वेळात त्यांच्या मेंदूला नेमके काय करावे लागते, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

मेंदूची घडण बालपणीच कायमची ठरते, ही समजूत आता मागे पडली आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते लक्षात ठेवावे लागतात. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढ उमेदवारांच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या मागील भागातील करडे द्रव्य (चेतापेशी दाटीने असलेला मेंदूचा भाग) वाढल्याचे वूलेट आणि मॅग्वायर या संशोधिकांनी २०११ मध्ये दाखवले. अनुत्तीर्णांमध्ये तशी वाढ आढळली नाही.

अर्थात, मेंदूच्या प्रतिमा पाहून उद्याचा तास कसा घ्यावा हे ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष शिकण्यावरचे प्रयोगच पाहावे लागतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. वाचताना 'आले, आले' असे वाटते, आणि तिथेच आपली फसगत होते.

म्हणून सोमवारी शिकवलेली अपूर्णांकांची बेरीज गुरुवारी, तासाच्या सुरुवातीलाच, वह्या मिटून कोऱ्या कागदावर करायला द्यावी. एखादी मुलगी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर दोन पंचमांश लिहील, कारण तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असेल. बाईंनी त्याच वेळी कागदाची पट्टी दुमडून दाखवावी की उत्तर अर्ध्याहूनही कमी आले आहे, आणि मग छेद समान करून घ्यावेत. या कागदाला गुण मुळीच देऊ नयेत, कारण गुणांची धास्ती असली की मूल आठवण्याऐवजी शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहते. तीच रीत पुढच्या आठवड्यात आणि महिन्याभराने पुन्हा विचारावी.

आणखी एक कळकळीची विनंती पालकांना आहे. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. त्यामुळे रात्री उशिराची जादा शिकवणी लावून मुलाची झोप तोडण्यापेक्षा तो तास रद्द केलेला बरा.