ऑपरेशन मुंबईत, पथ्य गावात

[दृश्य : भुसावळ स्टेशन. मुंबईकडून आलेल्या गाडीतून उतरणारे प्रवासी.]

वजन उतरवायचं ऑपरेशन करून घ्यायला खान्देशातली बरीच माणसं मुंबई-पुणं गाठतात, कुणी नाशिक, कुणी सुरत. दुर्बिणीतून होणारं काम. पोटावर चार-पाच छिद्रं, दोन-तीन दिवसांत सुट्टी. अनुभवी सर्जनच्या हातून जीव जाण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याइतकाच. एवढं ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण सर्जन तिकडेच राहतात आणि पुढचं सगळं निस्तरायचं असतं चोपड्या-शहाद्याच्या घरातल्यांनी.

[दृश्य : केळीचा बाग, कापणी.]

स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात.

दोन्हीत शिवण असते, आणि शिवण कधीकधी झिरपते. बहुधा पहिल्या काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांनी. नाडी १२०च्या वर, ताप, दम, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं. घरात याला पटकन नाव मिळतं : गॅस. मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला असला की ‘ऊन लागलं’. कांद्याचा रस तळपायाला चोळण्यात एक रात्र जाते, आणि झिरपलेल्या शिवणीला तेवढी रात्र पुरते. अशा वेळी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. ती पायाच्या शिरेत धरते आणि फुफ्फुसात जाऊन अडकते. म्हणून दवाखान्यात त्याच संध्याकाळी चालवतात. घरी आल्यावर मात्र शेजारीपाजारी येतात आणि प्रेमाने सांगतात, टाके ओले आहेत, पडून राहा. ऐकू नका. मुंबईहून सात-आठ तासांच्या प्रवासातही डब्यात फेऱ्या मारायच्या, आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर एकही चुकवायचं नाही.

[दृश्य : स्वयंपाकघर. जवळून : स्टीलची छोटी वाटी, चहाचा चमचा.]

ताक आहे, मीठ नावाला. एक चमचा. थांबायचं. मग दुसरा. ही वाटी संपायला अर्धा तास लागतो. पहिले दोन आठवडे असंच पातळ, पुढे घोटलेली डाळ, मग मऊ. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं जायला हवीत, म्हणून डब्यातली पावडरही लागते. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. तांब्या तोंडाला लावून घटाघट पिण्याची सवय असलेल्या आपल्या मुलखात सगळ्यात जड जातं ते हेच. दिवसभर घोट घोट पाणी पोटात गेलं नाही, तर भर उन्हाळ्यात आठवड्याच्या आत सलाईन लावायची पाळी येते.

सलाईनवरून एक गोष्ट गावच्या डॉक्टरांसाठी. उलट्या थांबत नसतील तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. एकाची दोन दिसतात, चालताना झोक जातो, बोलणं असंबद्ध होतं. अशा पेशंटला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी बी-१चं इंजेक्शन.

[दृश्य : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. झोके, खापरावर पुरणाचा मांडा भाजणारे हात.]

आखाजीला लेक माहेरी येते. पानात मांडा आणि वाटीभर आमरस. आत्या म्हणते, “इतलंसंच जेवस का वं?” आत्याचं मन मोडवत नाही. बायपास झालेली असेल तर एवढ्या गोडाने अर्ध्या तासात दरदरून घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. जिवाला धोका सहसा नसतो, पण मांडवभर पाहुण्यांत आडवं व्हावं लागतं. आत्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. घाबरू नये, बहुतेकांचे परत येतात. वजन झपाट्याने उतरल्यावर पित्ताशयात खडेही होतात, म्हणून काहींना काही महिने गोळ्या देतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व मात्र जन्मभर. शाकाहारी घरात बी-१२ आधीच तळाला असतं, तिथे हयगय केली तर हातापायांना मुंग्या. बायपासवाल्यांनी गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी परस्पर आणायची नाही. जोडावर अल्सर होतो. तंबाखूही बंद, आणि मिसरी हा तंबाखूच. हे आमच्या बायाबापड्यांना स्पष्ट शब्दांत कुणीतरी सांगायलाच हवं.

[दृश्य : लग्नाचा मांडव, हळद.]

लग्न जमत नाही म्हणूनही मुलींची ऑपरेशनं होतात. लगेच सोयरीक, लगेच लग्न, आणि सहा महिन्यांत सासरचे गोड बातमी विचारू लागतात. वजन उतरल्याने पाळी नियमित होते, दिवसही लवकर राहू शकतात. पण १२ ते १८ महिने थांबायचं असतं, कारण आईच्याच अंगात लोह आणि प्रथिनं पुरेशी नसतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा लागतो. ऑपरेशनचं सासरी सांगितलेलंच नसेल, तर ही मुलगी थांबायचं कारण काय देणार? बैठकीतच सांगा. हुंड्याच्या गोष्टी मोकळेपणी होतात त्या बैठकीत ही एक होऊ शकते.