नेवाचा बर्फ

(गोठलेली नेवा नदी. बर्फ फोडणारी माणसं.)

लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा हिवाळा, साल 1927. नेवाच्या पात्रातून असाच बर्फ फोडून एका प्रयोगशाळेत नेला जायचा. तिथे कृत्रिम रबर बनवण्यासाठी ब्युटाडाईन नावाचा वायू द्रवरूपात धरून ठेवायचा होता. तापमान उणे 4 अंशांच्या वर गेलं, की तो उकळून उडून जातो. बर्फ संपला, तर दिवसभराची मेहनत हवेत!

(लेबेदेव यांचं छायाचित्र.)

हे रसायनशास्त्रज्ञ सर्गेई लेबेदेव. पदवीनंतर साबणाच्या कारखान्यात काम केलं, रेल्वेच्या रुळांचं पोलाद तपासलं. 1910 मध्ये ब्युटाडाईनचं रबर बनवून दाखवलं, पण ते प्रयोगशाळेपुरतंच राहिलं.

रबराची झाडं उष्ण प्रदेशातली. सोव्हिएत देशाला रबर बाहेरून विकत घ्यावं लागे. म्हणून 1926 मध्ये सरकारने स्पर्धा जाहीर केली. देशातल्याच कच्च्या मालाचं 2 किलो रबर आणि कारखान्याचा आराखडा द्यायचा, मुदत 1 जानेवारी 1928.

(काचेची उपकरणं, भट्टी.)

लेबेदेव आणि त्यांचे सात सहकारी. दिवसा आपापली नोकरी, प्रयोग संध्याकाळी आणि रविवारी, तेही बिनपगारी. अल्कोहोलची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून, म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणाऱ्या पदार्थावरून सोडायची. निघालेल्या वायूंतून ब्युटाडाईन वेगळं करायचं, शुद्ध करायचं, बर्फात थंड करायचं. मग त्यात सोडियम धातू. दुधाला विरजण लावावं तसं. आणि मग वाट पाहायची. पाण्यासारखा पातळ द्रव हळूहळू दाटतो, चिकट होतो आणि शेवटी हा असा...

(रबराचा तुकडा हाताने ताणला जातो. दोन क्षण शांतता.)

30 डिसेंबर 1927. मुदतीला दोन दिवस उरले असताना रबर मॉस्कोला रवाना झालं.

(कारखाना, यारोस्लाव्हल.)

7 जुलै 1932 रोजी यारोस्लाव्हल शहरातल्या या कारखान्यात मोठं उत्पादन सुरू झालं. लागणारं अल्कोहोल बटाट्यांपासून, धान्यापासून यायचं. आणि त्याच 1932-33 मध्ये देशात लाखो माणसं भुकेने मेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रकांची चाकं याच रबरावर धावली.

(लाकडी ठशांची चित्रं.)

ही चित्रं लेबेदेव यांच्या पत्नी आन्ना ओस्त्रोउमोवा-लेबेदेवा यांची. तैलरंगांच्या वासाने त्यांना दम लागायचा. त्यांनी लाकूड कोरलं. पुन्हा पुन्हा हेच शहर, हीच नेवा.

2 मे 1934 रोजी टायफस नावाच्या तापाने लेबेदेव गेले. कारखाना सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

(ठशातली नेवा. पडदा काळा.)