बाई चालू लागली, पुढे काय?

(इंदूरच्या रामबागेत मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय 'संधिवाताच्या उपचारांत संशोधनाने काय बदललं'. बदललं पुष्कळ. पण आधी एका बाईची गोष्ट. मला ओळखणाऱ्यांनी ती ऐकलेली आहे. त्यांनी मागे चहाचं बघावं.

सन १९२९. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर. त्यांच्या आमवाताच्या (म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचाच एक प्रकार) एका रुग्णाला कावीळ झाली आणि सांधेदुखी ओसरली. आपल्यातला कुणी म्हणाला असता, एक गेलं, दुसरं आलं, साडेसाती आहे. हेंच विचारात पडले. बायकांना दिवस गेले की त्यांचाही आमवात पुष्कळदा निवतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीरातलंच काहीतरी हे काम करतंय. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'एक्स' म्हटलं आणि जवळजवळ वीस वर्षं त्याच्या मागे लागले. मुद्दाम कावीळ आणून बघण्यापर्यंत मजल गेली! आजची एथिक्स कमिटी त्यांना दारातही उभं करणार नाही.

मग सप्टेंबर १९४८. एकोणतीस वर्षांची बाई, आमवाताने जखडलेली. तिथल्याच एडवर्ड केंडॉल यांनी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून प्रथम वेगळं काढलेलं 'कंपाउंड ई', म्हणजे आपलं कॉर्टिझोन, आज ज्यांना स्टिरॉइड म्हणतो त्यांतलंच एक, तिला टोचलं. थोड्याच दिवसांत बाई उठली, चालली आणि चक्क खरेदीला बाहेर पडली. (आमच्या घरी यावर टोमणा ठरलेला: बाई बरी झाल्याचं एवढंच लक्षण सापडलं का तुम्हाला?) लगेच १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे संशोधक राइकश्टाइन यांना नोबेल.

टाळ्या नकोत, कारण माझी गोष्ट इथे सुरू होते. औषध चालू राहिलं तसे रुग्णांचे चेहरे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली. बंद केलं की दुखणं परत. मग इंग्लंडमध्ये कुणीतरी साधा प्रश्न विचारला: हे कशापेक्षा चांगलं? ६१ रुग्ण घेतले, अर्ध्यांना कॉर्टिझोन, अर्ध्यांना अ‍ॅस्पिरिन; कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. १९५४ साली निकाल छापला. वर्षभरानंतर दोन्ही गट उन्नीस-बीस! नोबेलवालं औषध आणि नाक्यावरची अ‍ॅस्पिरिन.

म्हणून माझा एकच हट्ट आहे. आराम पडला हा पुरावा नव्हे. तुलना कुणाशी केली आणि किती महिने पाहिलं, ते सांगा.

आता माझं रडगाणं. आजही कुठल्यातरी रस्त्यावर कुणीतरी 'शुद्ध जडीबुटी'ची पुडी देतो. दोन दिवसांत मूठ वळते, जिना चढता येतो. नातेवाईक म्हणतात, "आत्या, तब्येत सुधारली हो, गाल भरलेत!" अहो, ते गाल पुडीत मिसळलेल्या स्टिरॉइडने भरलेत. अशा किती आत्या माझ्यासमोर येऊन बसल्या! डॉक्टर स्टिरॉइड देतात तेव्हा मात्रा आणि मुदत दोन्ही ठरवून देतात. पुडीवाल्याकडे दोन्ही नाहीत. आणि हे ऐकून घरी जाऊन एकदम बंदही करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. माझं आयुर्वेदाशी भांडण नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रांनी आयुर्वेदिक औषधांच्याही रीतसर चाचण्या घेतल्या. आधुनिक औषधाशी समोरासमोर. तसं करा, मी पहिल्या रांगेत बसेन.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं.

मग पत्रिकेवरचा विषय धावत. २००४, ग्लासगो, 'टिकोरा' चाचणी. ११० रुग्ण, अठरा महिने. औषधं दोन्ही गटांना जुनीच. फरक एवढाच की एका गटाला दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजले आणि रोग दबला नसेल तर औषध वाढवलं. त्या गटात ६५ टक्के लोकांचा रोग शांत झाला, दुसऱ्यात १६ टक्के. नवा रेणू नाही, काही नाही! तारीख पाळली.

२०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३५३ रुग्णांवरचा निकाल आला: मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे स्वस्त त्रिकूट, विरुद्ध इटानरसेप्टचं महागडं इंजेक्शन आणि मेथोट्रेक्सेट. त्रिकूट मागे पडलं नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे. हे फ्रिजवर लिहून ठेवा. महाग इंजेक्शनं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. लंडनच्या फेल्डमन आणि मैनी यांनी टीएनएफ, म्हणजे शरीरातलं सूज पेटवणारं प्रथिन, रोखून मोठं दार उघडलं. पण त्यातून दबलेला क्षय उसळतो हे २००१ साली लक्षात आलं, म्हणून आधी क्षयाची तपासणी. आपल्या देशात तर नक्कीच.

आणि ट्रायलची, म्हणजे अशा औषध-चाचण्यांची, भीती. इंदुरात ती उगाच नाही. चाचण्यांतल्या गैरप्रकारांबद्दल आपल्याच गावच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या सुनावण्यांतूनच २०१३ मध्ये रुग्णाची संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण आलं. कुणी ट्रायलसाठी विचारलं तर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची देशातली सरकारी नोंदवही, तिच्यातला नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत मागा, इजा झाल्यास भरपाई कोण देणार ते विचारा. आणि मग, पटलं तर, जरूर भाग घ्या. ग्लासगोचे ते ११० जण नसते तर मी आज काय सांगितलं असतं?

दुसरी चिठ्ठी. प्रश्न घेतो. एक्स-रे मात्र इथे उघडू नका, या हॉलचे दिवे फार मंद आहेत.