चाळणीवर किती राहिलं?

मंडळी, माळव्याचं पठार बेसाल्टचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला हा काळा पाषाण. त्यामुळे इंदूरच्या आसपास क्रशरवर निघणारी खडी, म्हणजे आपली गिट्टी, टणकपणात सहसा मार खात नाही. पण दगड कितीही टणक असला तरी मापांची मिसळण बिघडली की काँक्रीट सिमेंट खायला लागतं. सगळे खडे एकाच मापाचे असले तर मधल्या फटी जास्त राहतात आणि त्या महागड्या सिमेंटच्या मसाल्याने भराव्या लागतात. ट्रकवाला नुसतं 'वीस एमएम' म्हणतो. त्यात मोठे किती, दहाच्या खालचे किती, चुरी किती, ते चाळणी सांगते.

पण चाळणीच्याही आधी नमुना. खरी गफलत तिथेच होते. डंपरने ढीग ओतला की मोठे खडे उतारावरून गडगडत पायथ्याशी जातात, बारीक माल मध्यभागी नि माथ्याशी अडकतो. गाडीत उलट: हादऱ्यांनी बारीक माल तळाशी बसतो, इंदुरी मिक्श्चरच्या पुड्यात बारीक शेव बसते तसा. म्हणून पायथ्याची दोन घमेली उचलून आणलीत तर लाखाच्या यंत्रावर चाळूनही आकडे खोटेच येणार. ढिगाच्या वरून, मधून, खालून, वरचा थर बाजूला सारून माल घ्यायचा. तो एकत्र कालवायचा, गोल पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे. नमुना पुरेसा लहान होईपर्यंत हेच पुन्हा. वीस एमएमच्या खडीला दोन किलो पुरतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

पुढची रीत भारतीय मानक 2386 च्या पहिल्या भागात 1963 पासून लिहिलेली आहे. नमुना वाळवायचा, कारण ओल असली की चुरी खड्यांना चिकटते. मग चाळण्या एकावर एक, मोठ्या भोकाची वर, तळाशी पॅन. हलवताना खडे बोटाने दाबून भोकातून ढकलायचे नाहीत. हात शिवशिवतो, पण नाही.

समजा, 2,000 ग्रॅम घेतले. 20 एमएमवर 120 ग्रॅम राहिले, 10 एमएमवर 1,100, 4.75 वर 660 आणि पॅनमध्ये 120. बेरीज आधी जुळवून बघायची. चाळणीच्या जाळीत अडकलेले खडे विसरले जातात. आता 20 मधून गेले 94 टक्के, 10 मधून 39, 4.75 मधून 6. मानक 383 प्रमाणे 20 एमएमच्या मिश्र खडीत 10 मधून 25 ते 55 टक्के आणि 4.75 मधून 10 टक्क्यांपर्यंत माल जायला हवा. म्हणजे हा माल त्या दोन्ही मापांना बसला. हे सगळं वजनाचं गणित आहे, खड्यांच्या संख्येचं नाही. नग मोजले तर पॅनमधला चिमूटभर मालच बाजी मारेल.

आता चाळणीची मर्यादा. भोक चौकोनी असतं. 20 एमएम भोकाचा कर्ण 28 एमएमच्या वर जातो, तेव्हा 26 एमएम रुंदीची पातळ कपची तिरकी होऊन खुशाल निसटते. लांब खडा उभा राहून जातो. निकाल छान, आणि हातात कपच्यांचा माल! म्हणून आकाराची चाचणी वेगळी घ्यावी लागते. खडा ज्या चाळणीतून गेला आणि ज्या चाळणीवर राहिला, त्या दोन्ही भोकांची सरासरी हे त्याचं सरासरी माप. खड्याची जाडी या मापाच्या 0.6 पटीपेक्षा कमी असली तर तो चपटा, लांबी 1.8 पटीपेक्षा जास्त असली तर लांबट. जाडीसाठी खाचांच्या पट्टीतून, लांबीसाठी खुंट्यांच्या पट्टीवर एकेक खडा घालून बघायचा.

आणि धूळ? कोरड्या चाळणीने ती पूर्ण निघत नाही, खड्याच्या अंगाला लागून राहते. वाळवलेल्या मालाचं वजन आधी करून ठेवायचं, मग माल पाण्यात खळबळून ते पाणी 75 मायक्रॉनच्या चाळणीतून ओतायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. चाळणीवर राहिलेलं पुन्हा मालात टाकून सगळं वाळवायचं. आधीच्या वजनात जितकी घट आली, तितकी धूळ.